वाळूत सोनं, म्हणून डोंगरात खाण?

सुवर्णरेखा नदीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "नदीच्या वाळूत सोनं सापडतंय, म्हणजे वर डोंगरात सोन्याची खाण असणारच. सरकारला ती काढायचीच नाही, दुसरं काय!" बोलणारा एरवी चांगला शहाणासुरता असतो. दोन हजारांचा मिक्सर घेताना चार दुकानं फिरतो. पण सोन्याच्या खाणीचं म्हटलं की चौकशीची गरजच वाटत नाही. सोबत वाळू धुणाऱ्या माणसांचा एखादा व्हिडिओ असतो आणि तोच पुरावा मानला जातो.

व्हिडिओ खोटा नसतो. झारखंडमध्ये सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या काठची माणसं पिढ्यान्‌पिढ्या लाकडी पाटीत वाळू धुऊन सोन्याचे बारीक कण काढत आली आहेत. ते सोनं वरच्या भागातल्या खडकांतूनच आलेलं आहे, हेही खरं. इथवर कोणाचं काही चुकत नाही. चूक होते ती पुढच्या उडीत.

खडकात सोनं बहुधा गारेच्या, म्हणजे क्वार्ट्‌झच्या, शिरांमध्ये अगदी विरळ विखुरलेलं असतं. ऊन, पाऊस आणि वारा यांनी खडक झिजतो, त्याचा चुरा ओढ्यात येतो. शुद्ध सोन्याचं विशिष्ट गुरुत्व 19.3, तर क्वार्ट्‌झचं 2.65. त्यामुळे सारख्याच आकाराचा सोन्याचा कण वाळूच्या कणापेक्षा सात पटींनी जड असतो. पाण्याचा जोर जिथे कमी होतो तिथे तो आधी खाली बसतो: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, तळखडकाच्या भेगांत. हलकी वाळू पुढे जाते. सुपात पाखडून खडे वेगळे करावेत तसं हे काम नदी लाखो वर्षं करत राहते. असा वाहून येऊन, निवडला जाऊन साठलेला जड खनिजांचा थर म्हणजे प्लेसर.

आता जरा हिशेब करू. समजा, एखाद्या डोंगरात टनामागे 0.05 ग्रॅम सोनं आहे. असा खडक सुरुंगाने फोडून, दळून, सायनाइडमध्ये घालून सोनं काढायला निघालेल्या कंपनीचं दिवाळं वाजेल. पण असाच 1 कोटी टन खडक निसर्गाने फुकटात झिजवला, तर 500 किलो सोनं मोकळं होतं. त्यातलं निम्मं जरी नदीच्या चार-दोन वळणांवर अडकलं, तरी तिथे माणसांची झुंबड उडेल. वाळूतलं सोनं वरच्या डोंगराच्या श्रीमंतीची साक्ष देत नाही. ते एवढंच सांगतं की खूप खडक झिजला आणि पाण्याने त्यातलं जड तेवढं राखून ठेवलं.

शिवाय मूळ शीर श्रीमंत असली तरी ती अजून जागेवर असेलच असं नाही. जे आज वाळूत आहे, ते डोंगरातून निघून गेलेलं आहे. कित्येकदा वर शोधायला काही उरलेलंच नसतं.

ही नुसती पुस्तकी शंका नाही. आपल्याच देशात या समजुतीवर लोकांचे पैसे बुडाले आहेत. वायनाड आणि निलंबूरच्या ओढ्यांमधून स्थानिक लोक सोनं धुऊन काढत. त्यावरून वरच्या गारेच्या शिरांत घबाड असणार, असा कयास बांधला गेला. 1879 मध्ये भारत सरकारने ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीच्या खाण खात्यात सचिव राहिलेल्या रॉबर्ट ब्रफ स्मिथ यांना पाहणीसाठी बोलावलं. त्यांचा अहवाल आशादायक निघाला आणि लंडनमध्ये वायनाडच्या नावाने कंपन्यांचं पेव फुटलं. शिरांत सोनं निघालं, पण खर्च भागेल इतकं नाही. काही वर्षांतच बहुतेक कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या.

कॅनडातल्या क्लोंडाइकची गोष्ट याहून मोठी. 1896 मध्ये तिथल्या बोनान्झा ओढ्यात सोनं सापडलं आणि जगभरातून लोक धावले. त्या परिसरातल्या ओढ्यांच्या गाळातून आजवर सुमारे 2 कोटी औंस सोनं निघालं आहे. त्याची 'जननी शीर' शोधण्यात भूवैज्ञानिकांच्या पिढ्या गेल्या, पण ओढ्यांच्या तोलामोलाची कठीण खडकातली खाण त्या खोऱ्यात उभी राहिली नाही.

यावर "मग कॅलिफोर्नियाचं काय?" हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. 24 जानेवारी 1848 रोजी जेम्स मार्शलला सटरच्या लाकूड गिरणीपाशी सोनं दिसलं ते प्रवाहातच, आणि पुढे वरच्या टेकड्यांमध्ये सोन्याच्या शिरांचा मोठा पट्टा खरोखर सापडला. म्हणजे कधी सापडतो, कधी नाही. म्हणूनच भूवैज्ञानिक ओढ्यांमधल्या गाळाचे नमुने घेतात, खालून वर शोध घेत जातात आणि शेवटी ड्रिलिंग करून खडकाचे गाभे तपासतात. वाळूतलं सोनं हा माग आहे. मागावरून चोर सापडू शकतो, पण माग म्हणजे चोर नव्हे.

या सगळ्या घोळाच्या तळाशी आणखी एक गफलत आहे. प्लेसर म्हणजे वाळूतलं आणि धातुक म्हणजे खडकातलं, अशी सोयीची वाटणी अनेकांनी करून टाकली आहे. मुळात ही दोन वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं आहेत. साठा कसा तयार झाला, याचं उत्तर प्लेसर. तो काढणं परवडतं का, याचं उत्तर धातुक. त्यामुळे प्लेसर हे धातुक असू शकतं आणि सोन्याची अस्सल शीर धातुक नसू शकते. वाळूत दगड फोडण्याचा आणि दळण्याचा खर्च निसर्गाने आधीच केलेला असतो, म्हणून यांत्रिक ड्रेजरला घनमीटरमागे ग्रॅमचा अंश मिळाला तरी चालतं. तेवढंच सोनं तीन किलोमीटर खोलीवरच्या खडकात असेल, तर तो निव्वळ दगड.

कोलारची खाण 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली तेव्हा जमिनीखालचं सगळं सोनं संपलं होतं असं नाही. ते काढण्याचा खर्च मिळणाऱ्या सोन्याच्या किमतीला भारी पडत होता. जे धातुक होतं ते धातुक राहिलं नाही. याच्या उलट गोव्यात झालं. डिचोली, सांगे भागात कमी प्रतीचं लोहखनिज वर्षानुवर्षं टाकाऊ म्हणून ढिगांवर टाकलं जात होतं. या शतकाच्या सुरुवातीला चीनची मागणी वाढली आणि त्याच ढिगांना गिऱ्हाईक आलं. ढीग तेच, लोहही तेवढंच. बदलला तो बाजार. नागपूरला मुख्यालय असलेला भारतीय खाण ब्युरो खनिजांच्या किमान प्रती जाहीर करतो, त्या याचसाठी.

एवढ्यावर मुख्य मुद्दा संपतो. बाकीचे गैरसमज आता झटपट.

"प्लेसर म्हणजे वरवरची सैल वाळू." दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडचं सोनं सुमारे तीन अब्ज वर्षांपूर्वीच्या नद्यांच्या गोटेवाळूत साठलं, असं बहुसंख्य अभ्यासक मानतात. काहींच्या मते नंतरच्या उष्ण द्रावांचा वाटा मोठा आहे. ते थर आता टणक खडक झाले आहेत आणि तिथल्या खाणी चार किलोमीटरपर्यंत खोल गेल्या आहेत.

"जड खनिज असलं की त्याचा प्लेसर होतोच." मग शिशाच्या गॅलिनाचे प्लेसर कुठे आहेत? त्याचं विशिष्ट गुरुत्व 7.5 आहे, पण ते मऊ असतं आणि हवा-पाण्यात टिकत नाही. वजनाबरोबर चिवटपणाही लागतो.

"कोकणातली काळी वाळू म्हणजे थोरियम." मालगुंड ते पूर्णगड पट्ट्यातली काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइटची, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडची. ती सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून आली. थोरियम असतं मोनाझाइटमध्ये. ते केरळच्या किनाऱ्यावर आहे, कारण तिथला मूळ खडक वेगळा आणि फार जुना आहे.

"हिरे गोवळकोंड्याच्या खाणीतून निघाले." गोवळकोंडा ही बाजारपेठ. कोल्लूरसारख्या ठिकाणी कृष्णेकाठच्या गोटेवाळूत खणून हिरे काढले जात, तो प्लेसरच.

"नदीतलं सोनं 24 कॅरेटचं असतं." निसर्गातल्या सोन्यात थोडीफार चांदी जवळपास नेहमीच असते.

"वाळू धुण्याने कुणाचं काय बिघडतं?" एका माणसाच्या पाटीने फारसं नाही. पण कॅलिफोर्नियात पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनी टेकड्या पाडल्या, तो गाळ खालच्या नद्यांत आणि शेतांत भरला, आणि 1884 मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडण्यावर बंदी घातली. सोनं पकडायला वापरलेला पारा आजही तिथल्या गाळात आहे.

"सोनभद्रमध्ये 3,000 टन सोनं होतं, ते दडपलं." फेब्रुवारी 2020 मधली ही बातमी अजून फिरते आहे, म्हणून तिला एका ओळीहून जास्त जागा द्यावी लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 22 फेब्रुवारी 2020 रोजीच खुलासा केला होता: अंदाजित साठा 52,806.25 टन धातुकाचा, सरासरी प्रत टनामागे 3.03 ग्रॅम. गुणाकार कुणीही मोबाइलवर करून पाहावा. सोनं भरतं सुमारे 160 किलो. जम्मूतल्या रियासीच्या लिथियमचंही तेच झालं. 2023 मध्ये जाहीर झालेला 59 लाख टनांचा आकडा लिथियमयुक्त धातुकाचा आणि प्राथमिक शोधावर आधारलेला अंदाज होता. लोकांनी तो शुद्ध धातूचा समजून बॅटऱ्या मोजायला सुरुवात केली.

म्हणून अशी बातमी आली की तीनच गोष्टी विचाराव्यात. टन कशाचे, धातूचे की धातुकाचे? प्रत किती? आणि शोध कोणत्या टप्प्यावर आहे? आपल्याकडे हा टप्पा जी-4 ते जी-1 असा सांगतात. जी-4 म्हणजे नुसती प्राथमिक पाहणी, जी-1 म्हणजे सविस्तर शोध. आणि जी-1 नंतरही काढणं परवडेल का, हा प्रश्न उरतोच. या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर बातमीत नसेल, तर ती पुढे पाठवू नका.