पेटीच्या झाकणातल्या याद्या

माझ्या गळाच्या पेटीच्या झाकणात कागदांची एक चळत आहे. 2003 पासून 2024 पर्यंत दर जूनमध्ये कनू घेऊन उत्तरेला जाताना केलेल्या सामानाच्या याद्या. काही वाणसामानाच्या बिलांच्या पाठीवर, एक गणेशोत्सवाच्या पत्रिकेमागे. दोन वर्षांचे कागद हरवलेत, एकाची शाई पाण्याने उतरलीय. यंदा मार्चमध्ये, अंगणात गुडघाभर बर्फ असताना, त्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून वाचल्या. बहुतेक याद्यांच्या शेवटी एकच नोंद आहे, कधी एका वस्तूपुढे, कधी सात-आठ वस्तूंपुढे कंस करून: ‘असू दे’. लागणार नाही हे माहीत असतं, पण घरी ठेवून जायचा धीर होत नाही, अशा वस्तूंचं हे खातं.

आम्ही जातो ती जागा म्हणजे मिनेसोटाच्या कॅनडाला टेकलेल्या कडेवरचं बाउंड्री वॉटर्स. सुमारे 4,400 चौरस किलोमीटर रान, त्यात 1,100 हून जास्त तळी. आत रस्ते नाहीत, बहुतेक तळ्यांवर इंजिनाला बंदी. एका टोळीत नऊच माणसं. खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. एक तळं संपलं की कनू डोक्यावर उलटी घ्यायची, बोचकी पाठीवर टाकायची आणि दगडगोट्यांच्या पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. याला पोर्टेज म्हणतात. पोर्टेजची लांबी नकाशावर अजूनही ‘रॉड’मध्ये देतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा, म्हणजे साधारण एका कनूच्या लांबीचा. मला पहिल्यांदा हे वाचून हसू आलं होतं, कारण आपल्याकडेही जमीन मोजायची काठी होतीच, पाच हात पाच मुठींची. गळाची काठी खांद्यावर टाकून अंतर काठ्यांनीच मोजत जायचं.

मी मूळचा मालवण तालुक्यातला. खाडीच्या काठावर वाढलो, त्यामुळे मासे मारणं मला नवीन नव्हतं. सामान निवडणं मात्र पूर्ण नवीन होतं. गावी निवड करायला काही नसायचंच. एक गरी, वावभर तंगूस, एखादा शिशाचा तुकडा आणि चिखलातून उकरलेलं आमिष, एवढं हाफपँटच्या खिशात मावायचं. होडीला उलांडी असायची, त्यामुळे बूड टेकून निवांत बसता यायचं. कनूला उलांडी नसते. तीत बसून मागे ठेवलेल्या पेटीतलं काही काढायला वळलात की ती लगेच नाराजी दाखवते. हे आधी कळलं असतं तर पहिली यादी वेगळी झाली असती.

2003 ची यादी दोन पानांची आहे. तीन काठ्या, चार रिळं, आणि मी मिनिआपोलिसच्या दुकानातून उत्साहाने आणलेली ती पेटी. उघडली की गौरीपुढच्या पायऱ्यांसारखी तिची खणं वर येत. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्याचे चमचे, फिरकीची पाती, रबरी अळ्या, बेडूक, शिशाच्या डोक्याचे जिग, आणि रापाला कंपनीचे लाकडी मासे सहा आकारांत. या रापालाची गोष्ट मला अजून आवडते. फिनलंडच्या लाउरी रापाला नावाच्या मच्छीमाराने 1936 मध्ये बुचाच्या लाकडातून पहिला मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवली आणि वरून वितळवलेल्या फोटो-निगेटिव्हचा थर दिला. 1962 मध्ये ‘लाइफ’ मासिकाने त्याच्यावर लेख छापला. तो मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरचा अंक असल्यामुळे अमेरिकेत घरोघर गेला, आणि हा लाकडी मासाही त्याच्याबरोबर घरोघर पोचला. असं काही वाचलं की माणूस एक घ्यायला जातो आणि सहा घेऊन येतो.

माझा जोडीदार आमच्याच गल्लीतला, सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला, बोलायला काटकसरी. त्याने गाडीत ती पेटी पाहिली आणि काही म्हणाला नाही. पहिल्या पोर्टेजला त्याने त्याची अ‍ॅल्युमिनियमची कनू डोक्यावर घेतली, तीसएक किलोची, आणि चालता झाला. माझ्या पाठीवर बोचकं, एका हातात काठ्यांची मोळी, दुसऱ्या हातात पेटी. डास चेहऱ्यावर बसलेत आणि हाकलायला एकही हात मोकळा नाही. अर्ध्या वाटेवर काठीचं टोक एका फांदीत अडकलं आणि काडकन मोडलं. पेटी दगडावर टेकवायला गेलो तर कडी निघाली आणि पायऱ्यांसकट सगळी जत्रा वाटेवर पसरली. तीन तोंडांचे गळ शेवाळात एकमेकांत गुंतले की ते सोडवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. चार दिवसांत मासे मिळाले ते सगळे दोन वस्तूंवर: एक पिवळा जिग आणि एक तांबडा-पांढरा चमचा. बाकी सगळं मी जितक्या अंतरावर नेलं तितक्याच अंतरावरून परत आणलं.

पुढच्या दोन-तीन याद्यांत वजन उतरत जातं. काठ्या दोन, त्याही चार तुकड्यांत निघणाऱ्या, प्लास्टिकच्या नळीत. पोर्टेजवर नळी कनूच्या आतून आडव्या दांड्यांना बांधायची, हात मोकळे. रिळं जुन्या लोकरी मोज्यात. 2007 च्या यादीवर काट मारून लिहिलंय: रबर वेगळं. त्या वर्षी दुपारभर उन्हात गाडी उभी होती. रबरी अळ्या आणि टणक प्लास्टिकचे मासे एकाच खणात होते. संध्याकाळी उघडलं तर अळ्यांनी माशांचा रंग खाल्लेला आणि सगळ्याचा मिळून एक चिकट, केशरी गोळा झालेला, कढईत करपलेल्या जिलेबीसारखा. रबराला मऊ ठेवणारं रसायन दुसऱ्या प्लास्टिकला विरघळवतं, ही गोष्ट पाकिटावर कुठे लिहिलेली नव्हती.

आमिषाची गोष्ट मात्र वजनाची नाही. तिथले लोक वॉलआय नावाच्या माशासाठी जळू लावतात. दुकानात डझनावर मिळते. ही जळू माणसाचं रक्त पिणाऱ्यांतली नाही, पण हे घरात पटवणं कठीण. जायच्या आदल्या रात्री जळवांचा डबा फ्रीजमध्ये श्रीखंडाशेजारी दिसला तेव्हा बायको एवढंच म्हणाली, “आज जळवा. उद्या काय आणशील, साप?” तेव्हापासून बर्फाची वेगळी पेटी आली.

पण खरा धक्का गांडुळाने दिला. आम्ही शाळेत शिकलो, गांडूळ शेतकऱ्याचा मित्र. 2006 ला मी डबाभर गांडुळं नेली आणि शेवटच्या दिवशी उरलेली, पुण्य लागेल अशा भावनेने, झाडाखालच्या पाचोळ्यात सोडायला निघालो. जोडीदाराने डबा काढून घेतला. त्याने जे सांगितलं ते मी घरी येऊन वाचून ताडून पाहिलं. ही सगळी भूमी हिमयुगात बर्फाच्या थराखाली होती, आणि बर्फ सरकल्यावर इथे जे रान वाढलं ते गांडुळांशिवाय. इथली गांडुळं युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांच्या रोपांबरोबर आली आणि नंतर माझ्यासारख्या गळवाल्यांच्या डब्यांतून आत आत पोचली. मेपलच्या रानात जमिनीवर कुजक्या पानांची जाड गादी असते, तिच्यातच रोपं आणि नेचे रुजतात. गांडुळं ती गादी काही वर्षांत खाऊन टाकतात आणि खाली उघडी माती राहते. उरलेलं आमिष तिथे टाकणं बेकायदेशीर आहे. घरी आणून कचऱ्यात टाकायचं. मित्र कुणाचा आणि कुठे, हे विचारायचं मला तोवर सुचलं नव्हतं. 2007 पासून यादीत गांडूळ नाही.

2009 चा उन्हाळा वेगळा. गावाहून आमचे आबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तीन महिने राहायला आले होते. जन्मभर खाडीत पाग टाकलेला माणूस. मी टेबलावर सामान मांडत होतो, ते चहा पीत बघत होते. तेव्हा पेटी बरीच आवरलेली होती, असं माझं मत. कप खाली ठेवून म्हणाले, “झिला, दुकान मांडूक चललंस काय माशे मारूक?”

मग आत जाऊन त्यांनी बॅगेतून एक पुरचुंडी आणली. त्यांचा जुना पाग फाटला तेव्हा त्याच्या कडेची शिशाची मणकी त्यांनी काढून ठेवली होती, त्यातली आठ. माझ्याकडे तिथे शिसं मिळतं की नाही, या काळजीने सातासमुद्रापार आणलेली. वापरून गुळगुळीत झालेली, भोकाशी जरा चपटी, प्रत्येकावर कधीकाळी ठोकल्याच्या खुणा. 2009 च्या यादीत त्यांच्याच हातची ओळ आहे, मोडीसारख्या तिरक्या अक्षरात: शिसां 8.

त्यातलं एकही मी पाण्यात सोडलं नाही. तेव्हा कारण एवढंच होतं की हरवतील. खरं कारण नंतर आलं. तिथल्या तळ्यांवर लून नावाचा पक्षी असतो, मिनेसोटाचा राज्यपक्षी; रात्री त्याची हाक ऐकली की पहिल्या वर्षी तंबूत उठून बसायला होतं. खाल्लेलं दळण्यासाठी लून तळातले बारीक खडे गिळतो. तुटलेल्या तंगुसाबरोबर बुडालेलं शिसं त्याला खड्यासारखंच दिसतं, किंवा जिग अडकलेला मासाच तो गिळतो. एक लहान जिगही त्याला मारायला पुरतो. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांनी 1997 पासूनच पन्नास ग्रॅमखालची शिशाची वजनं आणि जिग बंद केले. बाउंड्री वॉटर्समध्ये तशी बंदी नाही, म्हणूनच ती माझ्या पेटीत इतकी वर्षं राहिली. 2012 च्या यादीत पहिल्यांदा ‘टंगस्टन’ हा शब्द येतो. महाग प्रकरण. शिशाच्या कितीतरी पट किंमत, पण घनता जवळजवळ पावणेदोनपट, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा जिग वाटाण्याऐवजी मुगाएवढा. तळाला टेकल्याचं हाताला नीट कळतं. कथलाचेही घेतले, ते उलट फुगीर आणि हलके. वाऱ्याच्या दिवशी उपयोगाचे नाहीत.

2015 ची यादी कोरडी आहे, पण तिच्या मागे एक आकृती काढलीय. त्या वर्षी नाइफ लेकवर मी ओढलेला रापाला उसळून जोडीदाराच्या अंगठ्यात घुसला, उलट्या काट्यासकट. ही तीच नाइफ लेक, जिच्या बेटावर डोरोथी मोल्टर नावाची बाई 1986 मध्ये मरेपर्यंत एकटी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना घरचं रूट बीअर विकायची. ती परिचारिका होती. त्या दिवशी ती हवी होती. दवाखाना दीड दिवसाच्या वल्हवण्यावर. त्याने स्वतःच सांगितलं काय करायचं ते. गळाच्या वळणातून जाड तंगुसाचा फास घ्यायचा, गळाचा दांडा दुसऱ्या बोटाने कातडीशी दाबून धरायचा म्हणजे काटा मांसातून सुटतो, आणि फास एका झटक्यात ओढायचा. मी तीन म्हणेपर्यंत थांबणार होतो. तो म्हणाला, दोनवर ओढ. गळ निघून मागच्या पाईनला जाऊन लागला. रक्त फार नाही, शिव्या त्याहून कमी. त्या रात्री शेकोटीच्या उजेडात बसून मी पेटीतल्या एकेक गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपला. 2017 ला सीमेपलीकडे क्वेटिकोत गेलो, तिथे तर काटे चेपलेलेच लागतात आणि जिवंत काय, मेलेलं आमिषही चालत नाही. मासे सुटतात का? सुटतात. पाच-सहातला एखादा जास्त सुटत असेल. कधी मोजलं नाही.

काही गोष्टी मात्र उलट वाढल्या. पाईक या दातेरी माशाने तोडलेल्या प्रत्येक तंगुसामागे एक रापाला गेला, म्हणून 2010 पासून तारेचे बारीक तुकडे आहेत. चश्मा वाढला, कारण मुगाएवढ्या जिगच्या भोकातून दोरा ओवायला आता दोन चश्मे लागतात. आणि हळद, मालवणी मसाला, तांदळाचं पीठ, आगळाची प्लास्टिकची बाटली. ही पहिल्या यादीपासून आहेत आणि त्यांना कधीच काट लागली नाही. जोडीदार पहिल्या वर्षी वॉलआयवर मीठ-मिरपूड टाकून खायचा. आता मार्चमध्ये फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न मसाला आला का, हा असतो.

2021 च्या यादीवर सगळ्या खुणा आहेत, आणि सगळ्या फुकट. जून हुकला म्हणून ऑगस्ट धरला होता. दुष्काळाने रान कोरडं पडलं होतं, वणवे पेटले, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात सगळं बाउंड्री वॉटर्सच बंद केलं. बांधलेलं सामान आठवडाभर ओसरीवर पडून होतं. सोडवेना.

आता पेटी म्हणजे हाताच्या पंजाएवढा एक चपटा पारदर्शक डबा, आतून सात खण, घरातल्या मसाल्याच्या डब्यासारखाच. पायऱ्यांची जुनी पेटी गराजमध्ये आहे, झाकणात याद्या ठेवायला. 2012 ला तिच्यातलं सगळं शिसं मी शिसं गोळा करतात तिथे दिलं. घरच्या कचऱ्यात टाकायची सोय नाही. तराजूवर ठेवताना खिशात हात घातला, पुरचुंडी लागली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, हे पण?

ती आठ मणकी झाकणाच्या कोपऱ्यात आहेत, कागदांवर वजन म्हणून. आबा 2016 ला गेले. 2024 च्या यादीच्या तळाशी फक्त दोन ओळी आहेत: मसाला (जास्त), आणि असू दे. कंसात काही नाही.