बोलणं परत यावं म्हणून मेंदूचा एक भाग गप्प का करतात?

ब्रेन स्ट्रोकनंतर काहींचे शब्द हरवतात. समोरची वस्तू चहाचा कप आहे हे कळतं, पण 'कप' हा शब्द काही केल्या तोंडात येत नाही. हा वाचाघात, म्हणजे अफेजिया. बुद्धी शाबूत असते. आमच्या नात्यातल्या एका काकांशी लोक लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचे, आणि काका जाम चिडायचे.

यावर टीएमएस नावाचा चुंबकीय उपचार करून बघतात. (मनगटात घालायचे चुंबकाचे पट्टे ही वेगळी भानगड, ती सोडून द्या.) टीएमएस म्हणजे आपल्या इंडक्शन शेगडीचं भावंड. कॉइलमधला करंट झपाट्याने बदलला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि भांड्याच्या बुडात करंट तयार होतो. इथे भांड्याच्या जागी मेंदूचा वरचा थर. कवटी उघडावी लागत नाही. १९८५ साली शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर यांच्या टीमने हे करून दाखवलं.

बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तिथे इजा झाली की उजवी बाजू जास्तच सक्रिय होते आणि उरलेल्या डाव्या भागाला दाबून ठेवते, असा एक अंदाज आहे. सेकंदाला एक या संथ गतीने पल्स दिले की तो भाग सहसा थंडावतो. म्हणून बोस्टनमध्ये मार्गारेट नेझर आणि सहकाऱ्यांनी उजव्या बाजूच्या एका ठरावीक जागी रोज २० मिनिटं, म्हणजे १२०० पल्स, अशी १० सत्रं दिली. जुना वाचाघात असलेले रुग्ण चित्रांची नावं आधीपेक्षा बरी सांगू लागले. हा अभ्यास २००५ सालचा, रुग्ण फक्त चार.

मला खटकतं ते पुढे. डावा भाग फार मोठा गेला असेल तर बोलण्याचं उरलंसुरलं काम उजवी बाजूच सांभाळत असू शकते. चालू सर्व्हरवरची सर्व्हिस बंद करण्याआधी तिच्यावर काय काय अवलंबून आहे हे आम्ही बघतो. इथे तर माणसाचं बोलणं आहे.

म्हणून कोणी पॅकेजचा दर सांगितला तर आधी विचारा: एमआरआय बघून जागा ठरवणार का? सोबत स्पीच थेरपी आहे का? ती बंद करून नुसतं टीएमएस घेऊ नका. पेसमेकर, डोक्यात धातूची क्लिप किंवा कधी फिट आली असेल, तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा.