सूक्ष्म कवचांची माती

खडूच्या भुकटीसारखी पांढुरकी, हातांत घेतली तर अतिशय हलकी आणि स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी पिऊन घेणारी अशी एक माती आहे. तिला डायाटमची माती म्हणतात. खडक झिजून ती झालेली नाहीं. ती एका अतिसूक्ष्म जीवसृष्टीचे अवशेष आहे.

डायाटम म्हणजे पाण्यांत वाढणारें एकपेशीय शेवाळ. पाण्यांत विरघळलेली सिलिका शोषून तें स्वतःभोंवतीं कवच रचतें. डबीवर झाकण बसावें, त्याप्रमाणें या कवचाचीं दोन दलें एकमेकांत बसतात, आणि त्यांवर नक्षी काढल्यासारखीं असंख्य छिद्रें असतात. डायाटम मेलें कीं आंतला जीव कुजून जातो. पण कांचेसारखें कवच तळाशीं जाऊन बसतें. हजारों वर्षें असें चाललें म्हणजे थरावर थर जमतात.

जर्मनींतील लुनेबुर्गच्या माळरानावर, दोन हिमयुगांमधील उबदार काळांत जीं सरोवरें होतीं, त्यांच्या तळाशीं असेच थर सांचले. १८३६ च्या सुमारास तेथें विहीर खणतांना पेटर कास्टेन यांस ही माती लागली. जर्मन भाषेंत तिला कीझेलगूर हें नांव पडलें. त्याच सुमारास बर्लिनचे शास्त्रज्ञ एरेनबेर्ग यांनीं सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें दाखवून दिलें कीं, धातूंना झिलई देण्याचा एक दगड अशाच कवचांचा बनलेला आहे. तीं कवचें प्राण्यांचीं असावींत असें त्यांस वाटलें. तीं शेवाळाचीं आहेत हें पुढें ठरलें.

या मातीस जगभर प्रसिद्धि मिळाली ती आल्फ्रेड नोबेल यांच्यामुळें. नायट्रोग्लिसरीन हें सुरुंगाला फार उपयोगी द्रव. पण धक्का लागतांच तें फुटे. १८६४ सालीं स्टॉकहोम येथील स्फोटांत नोबेल यांचे धाकटे बंधु एमिल व आणखी कांहीं माणसें प्राणांस मुकलीं. या द्रवाला आंवर घालण्यासाठीं नोबेल यांनीं अनेक पदार्थ तपासले. तीन भाग द्रव एक भाग कीझेलगूरमध्यें जिरविलें कीं कणकेसारखा गोळा होई. तो हाताळण्यास बराच सुरक्षित असून टोपीच्या स्फोटानेंच उडे. १८६७ सालीं त्यांनीं त्याचें पेटंट घेतलें, तेंच डायनामाइट.

द्रव धरून ठेवणारीं हीं छिद्रें गाळणीचेंहि काम करतात. १८९१ सालीं विल्हेल्म बेर्केफेल्ड यांनीं ही माती भाजून तिच्या पोकळ नळ्या केल्या. त्यांतून पाणी झिरपतें, पण गढूळपणा व बहुतेक जंतु बाहेर अडकून राहतात. पुढच्याच वर्षीं हॅम्बुर्ग शहरांत पटकीनें आठ हजारांहून अधिक माणसें दगावलीं, आणि पाणी गाळून पिण्याचें महत्त्व लोकांस पटलें. आज बिअर, साखरेचा पाक व खाद्यतेल गाळण्यासाठीं ही माती वापरतात. चांदीची झिलई, रंग व उष्णतारोधक विटा यांतहि ती असते.

धान्याच्या कोठारांतील तिचा उपयोग आपल्याकडील घरगुती अनुभवाशीं जुळणारा आहे. कडधान्यास राख चोळून ठेवण्याची चाल सर्वांस ठाऊक आहे. या मातीची कोरडी पूड किड्याच्या अंगावरील मेणचट थर शोषून घेते व खरवडते. मग अंगांतील ओलावा उडून जाऊन किडा वाळून मरतो. येथें विषाचें काम नाहीं. मात्र पूड ओली झाली कीं हा गुण जातो.

किड्यास विष न होणारी ही धूळ माणसाच्या फुप्फुसांस मात्र निरुपद्रवी नाहीं. विशेषतः तीव्र आंचेवर भाजलेल्या मातींत सिलिकेचे स्फटिक तयार होतात. त्यांची धूळ वर्षानुवर्षें श्वासांत गेल्यास फुप्फुसें कठीण होत जातात, आणि एकदां जडलेला हा विकार बरा होत नाहीं. म्हणून खाणींत व कारखान्यांत धूळ उडूं न देणें आणि तोंडानाकावर योग्य मुखवटा बांधणें, ही काळजी घ्यावीच लागते. घरींहि भाजलेली, गाळण्यासाठीं केलेली माती किड्यांवर टाकूं नये. त्या कामासाठीं न भाजलेली मातीच घ्यावी, आणि तीहि नाकातोंडांत जाऊं न देतां पसरावी.