पडद्यावरील शर्यत

मोटारींच्या शर्यतीत भाग घेण्यासाठी आता मैदानावरच जावे लागते असे नाही. टेबलाला स्टिअरिंगचे चाक घट्ट बसवावे, पायांखाली ब्रेक व अॅक्सिलरेटर ठेवावेत, की समोरच्या पडद्यावर खऱ्या शर्यतमार्गाची हुबेहूब प्रतिकृती धावू लागते. इंटरनेटमुळे निरनिराळ्या देशांतील चालक एकाच वेळी एका शर्यतीत उतरतात.

खऱ्या शर्यतीत चालकाला दोन गोष्टी आवर घालतात : जिवाची भीती आणि मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च. पडद्यावर या दोन्ही नाहीत. मोटार भिंतीवर आदळून मोडली, तरी पुढच्या शर्यतीला ती नवीकोरी उभी असते. त्यामुळे काही चालक पहिल्याच वळणावर वेग न आवरता पुढच्या मोटारीवर जाऊन आदळतात. ज्याने आठवडाभर मन लावून सराव केला, त्याची शर्यत मग अर्ध्या मिनिटात संपते. त्याला किती वाईट वाटत असेल!

यावर उपाय काय? अमेरिकेत इ. स. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'आयरेसिंग' या खेळात प्रत्येक चालकाला सुरक्षिततेचा गुणांक दिला जातो. तो ०.०० पासून ४.९९ पर्यंत असतो. चालकांच्या परवान्यांचेही वर्ग आहेत. नवशिक्याला 'रूकी' म्हणतात. त्याच्यावर डी, सी, बी, ए अशा पायऱ्या आहेत. गुणांक चांगला राखणारा वरच्या वर्गात जातो. तो फार घसरला, तर वर्गही खाली येऊ शकतो.

गुणांकाचा हिशेब मोठा मनोरंजक आहे. डांबरी मार्गावरील शर्यतीत चाके मार्गाबाहेर गेली की १ दोष, मोटार ताब्यातून सुटून गरकन फिरली की २, आणि दुसऱ्या मोटारीशी जोराची टक्कर झाली की ४ दोष मांडले जातात. मग किती वळणांमागे एक दोष घडला, हे पाहतात. समजा, १२ वळणांच्या मार्गावर १० फेऱ्या झाल्या. म्हणजे वळणे झाली १२०. एकाचे दोष ४ असतील, तर त्याच्याकडून ३० वळणांमागे एक दोष घडला. दुसऱ्याचे १२ असतील, तर १० वळणांमागे एक. अर्थात पहिला अधिक सावध. ही सरासरी मागील अनेक शर्यतींतून काढलेली असल्यामुळे एका चुकीने सर्वस्व जात नाही. जिंकण्या-हरण्याचा हिशेब मात्र वेगळ्या आकड्यात ठेवतात. त्यामुळे वेगाच्या आड निष्काळजीपणा लपत नाही.

येथे एक शंका मनात येते. टक्कर झाली, की दोष दोघांच्याही नावावर मांडले जातात. मग चूक कोणाचीही असो. हा अन्याय नव्हे काय? एका प्रसंगापुरता तो अन्याय खराच. परंतु चूक कोणाची, हे यंत्राला ओळखता येत नाही. शिवाय पुष्कळ शर्यतींनंतर असे दिसते, की सावध चालकाच्या वाट्याला अशा टकरी कमीच येतात. शेजारी मोटार आली, की तो तिच्यापुरती जागा सोडतो. पहिल्या वळणावर थोडा आधी ब्रेक लावतो. मार्गाबाहेर गेलाच, तर मागून कोणी येत नाही हे पाहून परततो. दुसऱ्याची चूकही तो आधी हेरतो व टाळतो. कोणी मुद्दाम धडक दिलीच, तर त्याविरुद्ध तक्रार करता येते, आणि तिची तपासणी माणसे करतात.

गुणांक हा असा भीतीच्या जागी बसविलेला पहारेकरी होय. तथापि चांगल्या चालकाला काही काळाने त्याची आठवणही राहत नाही. पडद्यावर मोटार दिसते. पण ती चालविणारा आपल्यासारखाच कोणीतरी आहे, आणि त्यालाही शर्यत पुरी करावयाची आहे, हे त्याने ओळखलेले असते.