ट्राम आली, चुंबकं हलली

7 मे 1907 रोजी मुंबईत विजेवरची ट्राम धावू लागली. तिच्या धास्तीने कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय निरीक्षणं 1906मध्येच समुद्र ओलांडून अलिबागला गेली होती.

कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी 1841पासून होत होत्या. सप्टेंबर 1859मध्ये सूर्यावरच्या उद्रेकामागोमाग चुंबकीय वादळ उठलं, तेव्हा इथल्या नोंदीत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने (हे त्या क्षेत्राचं एकक) घसरला. हा घटक आपल्याकडे 37-38 हजारांच्या घरात असतो आणि त्याचे रोजचे चढउतार जेमतेम पन्नासेक नॅनोटेस्लांचे. फ्रिजवर चिकटवायच्या साध्या चुंबकाचं क्षेत्र या आडव्या घटकाच्या शंभरेक पट भरतं. इतक्या नाजूक मोजमापाशेजारी ट्राम परवडणार नव्हती. ती डोक्यावरच्या तारेतून वीज घेई, ती वीज रुळांतून परत जाई आणि थोडी जमिनीतही झिरपे. गाडी निघाली, थांबली की हा प्रवाह कमी-जास्त होणार आणि वेधशाळेतली चुंबकं त्यासरशी हलणार. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने 1820मध्ये दाखवलं होतं. मुंबईत तो धडा सरकारी खर्चाने गिरवावा लागला.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांनी घाई केली नाही. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला बिनचूक जोडता यावी. अलिबागच्या इमारतींसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड आणला, लोखंडाच्या जागी तांबं-पितळ वापरलं. आत बारीक धाग्याला टांगलेलं चुंबक, त्यावर इवलासा आरसा. आरशावरून परतणारी प्रकाशाची तिरीप फिरत्या फोटो-कागदावर रेघ ओढत राही. तपमान बदललं की चुंबकाची ताकदही किंचित बदलते, म्हणून भिंती दुहेरी.

तपमानाशी हे नातं का, हे लोखंडाच्या आत डोकावलं की कळतं. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत ते जोडीजोडीने एकमेकांना निष्प्रभ करतात. लोखंडात मात्र शेजारशेजारचे अणू एकाच दिशेला तोंड करतात आणि त्यांचे गट पडतात. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात फ्रान्सच्या पिएर वाइस यांनी ही कल्पना मांडली. साध्या खिळ्यात हे गट वाटेल त्या दिशेला असतात, चुंबकात बहुतेक एका दिशेला अडकून पडलेले. उष्णता ही शिस्त मोडते आणि 770 अंश सेल्सिअसला लोखंडाची उरलीसुरली शिस्तही संपते.

ओर्स्टेडच्या प्रयोगाची दुसरी बाजू फॅरेडेने 1831मध्ये शोधली: बदलतं चुंबकीय क्षेत्र तारेत वीज निर्माण करतं. स्थिर क्षेत्र काही करत नाही, ते बदलायला हवं. घरातली निम्मी उपकरणं याच नियमावर जगतात. जुन्या छतपंख्यात कायमचं चुंबक नसतंच. गुंडाळ्यांतला प्रवाह फिरतं क्षेत्र तयार करतो, ते फिरत्या भागात वीज उपजवतं आणि पंखा ओढला जातो. फिरतेपणासाठी दोन गुंडाळ्यांतले प्रवाह मागेपुढे हवेत, ते काम कंडेन्सरचं. म्हणून कंडेन्सर गेला की पंखा रेंगाळतो. नव्या बीएलडीसी पंख्यात फिरत्या भागावर कायमची चुंबकं बसवलेली असतात. त्यांचं क्षेत्र फुकट मिळतं, त्यावर वीज खर्चावी लागत नाही. त्यामुळे जुना पंखा 75 वॅटच्या आसपास खातो तिथे हा तिसेक वॅटमध्ये भागवतो.

मग बाहेरून चुंबक लावलं तर काय बिघडतं? पेन ड्राइव्ह आणि मोबाइलची मेमरी विजेच्या भारावर चालते, तिला चुंबकाचं सोयरसुतक नाही. मोबाइलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतंच. फसतं ते मुख्यतः त्यातलं होकायंत्र. हार्ड डिस्क खरोखरच चुंबकीय, पण तिच्या पोटातच जबरदस्त निओडिमियम चुंबक असतं आणि बाहेरचं शोभेचं चुंबक तिच्या खिजगणतीत नसतं. कॅसेट, फ्लॉपी आणि कार्डामागची काळी पट्टी मात्र पुसली जाऊ शकते. जुन्या डबा टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याकडे धावत असे. जवळ चुंबक आलं की झोत वळे आणि पडद्यावर जांभळे-हिरवे डाग उमटत. टीव्ही चालू करताना ऐकू येणारा ‘धुम्म’ आवाज हे डाग पुसणाऱ्या गुंडाळीचा.

वीजमीटरला चुंबक लावलं की बिल उतरतं, ही गल्लोगल्ली फिरणारी युक्ती. जुन्या मीटरच्या ॲल्युमिनियमच्या चकतीला मुळातच एक चुंबक आवर घालत असे, त्यामुळे या समजुतीला थोडा आधार होता. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर मात्र बाहेरचं चुंबक ओळखून तारीख-वेळेसह नोंद ठेवतात. 2003च्या वीज कायद्याच्या कलम 135खाली अशा छेडछाडीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खरी काळजी घ्यावी ती पेसमेकरची. त्यात चुंबक ओळखणारी कळ मुद्दाम बसवलेली असते. डॉक्टरांनी वरून चुंबक धरलं की बहुतेक यंत्रं ठरावीक गतीने ठोके देऊ लागतात, तपासणी सोपी होते. मागे चुंबकाची चकती असलेला फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, तरी हीच कळ दाबली जाऊ शकते. म्हणून असा फोन छातीपासून किमान 15 सेंटिमीटर, आणि बिनतारी चार्जरवर असताना किमान 30 सेंटिमीटर लांब ठेवावा. घरातल्या ज्येष्ठांना टीव्ही-मोबाइलच्या धास्तीपेक्षा ही एक गोष्ट सांगून ठेवलेली बरी.