एका चित्रातून उलगडणारं बॉस्टन

अमेरिकेचा वसाहतकाळ शिकवताना पाठ्यपुस्तकाआधी मुलांपुढे ठेवावं असं एक अस्सल साधन म्हणजे पॉल रिव्हियरचं कोरीव चित्र. ५ मार्च १७७० च्या रात्री बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्यात पाच जण मेले. तीनेक आठवड्यांत त्या प्रसंगाचं हे चित्र विक्रीला आलंसुद्धा!

आधी मुलांना नुसतं बघू द्या. सैनिक एका रांगेत, कॅप्टन प्रेस्टन तलवार उगारून हुकूम सोडतोय, समोर निःशस्त्र नागरिक. सैनिकांमागच्या इमारतीवर पाटी चक्क खाटीकखान्याची! मृतांपैकी क्रिस्पस अटक्स हा आफ्रिकी आणि मूळनिवासी वंशाचा खलाशी. तो चित्रात कुठे दिसतो, हे शोधायला सांगा. वर्गात हमखास वाद रंगतो.

मग या गोळीबाराबद्दल चाललेल्या खटल्यातल्या साक्षी वाचायला द्या. त्यांत जमावाकडून बर्फाचे गोळे येतायत, काहींच्या हाती दांडकी आहेत. गोळी झाडायचा हुकूम कोणी दिला, यावर साक्षीदारांचंच एकमत नाही. सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सने, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. प्रेस्टन सुटला, आठ सैनिकांपैकी दोघेच मनुष्यवधाचे दोषी ठरले.

आणि हो, चित्राची मूळ कल्पना हेन्री पेलहॅमची. रिव्हियरने ती परस्पर उचलली म्हणून पेलहॅमने त्याला लिहिलेलं संतप्त पत्रही उपलब्ध आहे. तेही वर्गात जरूर वाचा.