शिक्षा लांबची की नियम रोजचा?

जैन कुटुंबांच्या मासिकात मद्यपी वाहनचालकांचा विषय कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. ज्या घरात पाणी गाळून घेतले जाते आणि सूर्यास्तापूर्वी ताटे उचलली जातात, तेथे मद्य येणार कोठून? ते घरात येत नाही, हे खरे. ते घराबाहेर भेटते. पुण्या-मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलाला कार्यालयाच्या मेजवानीत भेटते, मित्राच्या लग्नाच्या आदल्या रात्री भेटते, आणि आईवडिलांना त्याची पहिली वार्ता पोलीस ठाण्यातून आलेल्या फोनने कळते. पहिल्या वेळी घर हादरते, दंड भरते आणि गप्प बसते. दुसऱ्या वेळी वकिलाच्या पायऱ्या झिजवणे सुरू होते. त्या धावपळीत तिसरी वेळ कशी टळेल, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या केली, तिच्या मुळाशी प्रमाद आहे. मारण्याचा हेतू नव्हता, एवढ्याने सुटका होत नाही. बेसावध मनाने केलेल्या कृतीतून जीव जातो, तीही हिंसाच. मद्य पिऊन चाक हाती घेणे म्हणजे प्रमाद जाणूनबुजून पत्करणे होय. त्यामुळे पुढील विवेचनात अपराध्यास सूट मिळावी असा सूर कोणास ऐकू आला, तर तो माझ्या लेखणीचा दोष समजावा.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाच्या या रकमा २०१९ च्या दुरुस्तीने वाढल्या. परवाना काढून घेण्याचा अधिकारही न्यायालयास आहे. एक विसंगती येथे नोंदवावीशी वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून प्रथमच आली, आणि मद्य पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणाऱ्यास ती देता येते. मात्र मद्य पिऊन दुसऱ्यांदा गाडी चालवणाऱ्यासाठी कलम १८५ मध्ये दंड आणि कारावास हे दोनच शब्द आहेत. दंड श्रीमंताला टोचत नाही आणि कारावास कमावत्याची नोकरी घेऊन जातो. व्यसन दोन्हींतून सहीसलामत बाहेर पडते.

अमेरिकेतील साऊथ डकोटा या विरळ वस्तीच्या राज्यात हाच अनुभव लॅरी लाँग नावाच्या सरकारी वकिलास आला. न्यायाधीश वारंवार पकडल्या गेलेल्या चालकास सांगत, ‘मद्य पिऊ नकोस.’ तो पीत आहे की नाही हे कोणी पाहत नसे. लाँग पुढे राज्याचे महाधिवक्ता झाले आणि २००५ मध्ये त्यांनी एक साधी योजना सुरू केली. अशा चालकाने रोज सकाळी आणि रोज सायंकाळी ठरलेल्या ठिकाणी जाऊन यंत्रात फुंकर मारायची. श्वास स्वच्छ असेल तर कामावर जायचे, घरी जायचे, गाडीही चालवता येते. मद्य आढळले तर तेथूनच कोठडी, पण एक-दोन रात्रींपुरतीच. चाचणीचा खर्च, एका वेळेस सुमारे एक डॉलर, त्यानेच भरायचा. लांब राहणाऱ्यांच्या घोट्याला घामातून मद्य ओळखणारे यंत्र बांधले जाते.

ज्यांना सारे जग ‘सुधारणार नाहीत’ म्हणत होते, त्या लोकांच्या सुमारे ९९ टक्के चाचण्या स्वच्छ निघाल्या. रँड या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले की, योजना लागू झालेल्या भागांत वारंवार मद्यपी वाहनचालनाच्या अटका सुमारे १२ टक्क्यांनी घटल्या आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या अटकाही सुमारे ९ टक्क्यांनी. हा दुसरा आकडा कोणी मागितलाही नव्हता. ज्या घरातील स्त्री संध्याकाळी दाराकडे कान लावून बसते, तिला मात्र त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

हे कशाने घडले? शिक्षा कठोर होती म्हणून नव्हे. ती चुकवता येत नव्हती आणि त्याच दिवशी मिळत होती म्हणून. दोन वर्षांचा कारावास मद्यपी मनाला दूरच्या डोंगरासारखा दिसतो. आज संध्याकाळची फुंकर मात्र आजचीच असते. येथे मला आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारातील यम आणि नियम हा भेद आठवतो. यावज्जीव त्याग तो यम, मर्यादित काळाचा तो नियम. जन्मभराच्या त्यागाने जो बिचकतो, तोच श्रावक ‘आजच्या दिवसापुरते’ म्हटल्यावर हात जोडतो आणि पाळतोही. अर्थात आपला नियम स्वेच्छेचा आहे आणि तेथील न्यायालयाचा सक्तीचा. हे अंतर लहान नाही. सक्तीची मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

तो प्रश्न दुसऱ्या एका उपायाच्या बाबतीत अधिकच ठळक होतो. मोटारीत असे यंत्र बसवतात की चालकाने त्यात फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००५ मध्ये पहिल्याच अपराधानंतर ते सक्तीचे केले. यंत्र असेपर्यंत पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण खूप घटते; यंत्र काढले की लाभही बहुतांशी ओसरतो. यंत्र गाडीला आवरते, माणसाला नाही. म्हणून त्याला उपचारांची जोड हवी.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले आणि अल्पवयीन आरोपीस जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगितले गेले, तेव्हा उसळलेला संताप रास्त होता. जीव गेल्यानंतर असले पर्याय चालणार नाहीत. मी ज्यांविषयी लिहितो आहे, ते त्या रात्रीच्या आधीचे उपाय आहेत: दोनदा पकडला गेला, अजून कोणी मेले नाही, अशा माणसासाठीचे.

आपल्या देशात हे जमेल का? जामिनावर सुटलेल्या आरोपीने ठरावीक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी लावावी, ही अट आपल्या न्यायालयांच्या अंगवळणी पडलेली आहे. रस्त्यावरील तपासणीतले श्वासयंत्रही पोलिसांकडे असते. हजेरी आणि यंत्र एकत्र आणण्यास फार मोठे धन लागेल असे वाटत नाही. अडचण आहे ती चिरीमिरीची, आणि ओळखीच्या आडनावापुढे झुकणाऱ्या हाताची. एकदा जरी ‘जाऊ द्या, साहेबांचा मुलगा आहे’ असे झाले, तर सारी योजना त्याच दिवशी संपली.

ते झुकणे घरापासूनच सुरू होते. स्थळे पाहायची आहेत, म्हणून पहिली अटक लपवली जाते. मामा-काकांनाही कळू दिले जात नाही. आपल्या प्रायश्चित्त-विचारात पहिले पाऊल आलोचनेचे आहे, म्हणजे गुरूपुढे काहीही न झाकता दोष सांगण्याचे. प्रायश्चित्त ठरते ते त्यानंतर, दोष आणि दोषी दोन्ही पाहून. दुसऱ्यांदा पकडला गेलेला मुलगा बहुधा व्यसनाच्या उंबरठ्यावर असतो किंवा तो ओलांडून गेलेला असतो, आणि त्याला वकिलाइतकीच डॉक्टरांचीही गरज असते. पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आजही चालू आहे. तेथे उपचारांच्या काळात घरच्यांशीही बोलले जाते, आणि न्यायालयाचा आदेश हाती पडण्याची वाट न पाहता जाता येते.